कुमठेकर रस्त्यावरचा बाजार

पुणे शेअर बाजाराचा पत्ता होता शिवलीला चेंबर्स, ७५२ सदाशिव पेठ, कुमठेकर रस्ता. पत्ता पेठेतला, पण दाणागोटा यायचा मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या कारखान्यांतून. या स्मरणिकेसाठी बाजाराचा इतिहास लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा हेच मनात आले. १९८२ साली दोन संस्था जन्मल्या. ऑक्टोबरमध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि त्याच वर्षी पुण्याला स्वतःचा शेअर बाजार मिळाला. एकीचा कारभार आज केवढा वाढला आहे ते आपण पाहतोच. दुसरीची दारे २०१५ साली बंद झाली. मी चिंचवड स्टेशनजवळ सब-ब्रोकर म्हणून बसत असे, त्यामुळे हा इतिहास मला पेठेतल्या गादीवरून नाही, कारखान्यांच्या बाजूने दिसला. तसाच सांगतो.

बाजार येण्याआधीच कारखान्यांचा पट्टा उभा राहिला होता. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. ती सरकारी, तिचा शेअर कुणाला मिळण्याचा प्रश्न नव्हता. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि साठच्या दशकात माळरानावर भूखंड पडू लागले. आकुर्डीत बजाज ऑटो आणि बजाज टेम्पो, पिंपरीत टेल्को, चिंचवडला एसकेएफ, दापोडीला सँडविक आणि अ‍ॅटलास कॉप्को. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना भारतातील आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागला. हा उरलेला हिस्सा भारतीय लोकांना विकला गेला. आपल्या पट्ट्यातील शेअरधारकांची पहिली मोठी पिढी यातून घडली. आयटीआय करून लेथवर उभा राहिलेला मुलगा ज्या कंपनीचे बेअरिंग घासत होता, त्याच कंपनीचे पन्नास शेअर त्याच्या नावावर आले. पुढच्या काळात अनेक सार्वजनिक विक्रींमध्ये कर्मचाऱ्यांसाठी राखीव भाग असे, त्यामुळे ही संख्या वाढतच गेली.

शेअर आला, पण तो विकायचा कुठे? १९८२ पूर्वी उत्तर एकच होते, मुंबई. १८७५ मध्ये देशी दलालांनी स्थापन केलेला मुंबईचा बाजार हाच आपला बाजार. भाव कळायचा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात. पुण्यातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला सांगायचे, तो मुंबईच्या दलालाला ट्रंक कॉल लावायचा, नाहीतर सकाळच्या डेक्कन क्वीनने कागद घेऊन स्वतः जायचा. कोणत्या भावाने विकले हे आठवड्याने समजे. त्या भावावर विश्वास ठेवणे एवढेच विकणाऱ्याच्या हाती असे.

मग १९५६ च्या रोखे करार नियमन कायद्याखाली पुण्याच्या बाजाराला मान्यता मिळाली. त्या कायद्यात एक गोष्ट फार महत्त्वाची होती. मान्यताप्राप्त बाजाराच्या क्षेत्रात रोख्यांचे सौदे त्या बाजाराच्या सभासदांमार्फतच व्हायचे. त्याला जोड होती प्रादेशिक नोंदणीच्या नियमाची. ज्या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय ज्या भागात, तिने त्या भागाच्या बाजारात नाव नोंदवायचे, मग बाकी कुठेही नोंदवो. या एका नियमावर पुण्याचा बाजार वीस वर्षे उभा राहिला. यातली एक गंमत बाहेरच्यांना पटकन लक्षात येत नाही. पिंपरीतला सर्वांत मोठा कारखाना टेल्कोचा, पण टेल्कोचे नोंदणीकृत कार्यालय मुंबईत, बॉम्बे हाउसमध्ये. म्हणजे कारखाना आपला, कंपनी मुंबईची. उलट बजाज ऑटोचे कार्यालय आकुर्डीत, फिनोलेक्स केबल्सचे पिंपरीत मुंबई-पुणे रस्त्यावर, कायनेटिक इंजिनिअरिंगचे आणि थरमॅक्सचे चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीत. या कंपन्या पुण्याच्या हद्दीतल्या. नोंदणीचा हा भूगोल गेटवर उभ्या असलेल्या माणसाला माहीत नसे, पण आम्हाला तो तोंडपाठ ठेवावा लागे.

आकुर्डीहून लोकलने शिवाजीनगरला उतरायचे आणि तिथून बसने किंवा चालत कुमठेकर रस्त्याला. पहिली पाळी साडेतीनला सुटे, तोवर बाजार आटपलेला असे. म्हणून लोक साप्ताहिक सुट्टीला येत. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी. वीजबचतीसाठी ठरलेली ही गुरुवारची सुट्टी आमच्या धंद्याला वरदान ठरली. मुंबईचा कामगार रविवारी मोकळा, तेव्हा बाजार बंद. आपला कामगार गुरुवारी मोकळा आणि त्या दिवशी बाजार चालू. इस्त्रीचा शर्ट घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत सर्टिफिकेट घेऊन आलेली ही माणसे मी किती वर्षे पाहिली. भाव विचारायला येत, चहा घेत, न विकता परत जात. पण त्या दिवशीचा भाव त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेला असे. वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरांवर विसंबण्यात आणि यात फार अंतर आहे.

आता या बाजाराचे खरे काम सांगतो. एकाच कंपनीचा शेअर मुंबईत, पुण्यात, दिल्लीत, अहमदाबादेत विकला जातो आणि प्रत्येक ठिकाणी घेणारे-देणारे वेगळे. त्यामुळे भाव एक राहत नाही. समजा, पिंपरीच्या एखाद्या कंपनीचा शेअर मुंबईत २१० आहे आणि पुण्यात २१४. शिकलेला माणूस म्हणेल, मुंबईत घ्या आणि पुण्यात विका, चार रुपये सुटले. पण मुंबईत घेतलेला माल हातात यायचा सेटलमेंट झाल्यावर. जुने लोक त्याला वलण म्हणत. पुण्याच्या वलणात माल द्यायचा दिवस त्याच्या आधी आला तर द्यायचे काय? म्हणून हे काम फक्त त्यालाच जमे, ज्याच्याकडे घरचा माल आहे. घरातले शंभर शेअर पुण्यात २१४ ला द्यायचे, त्याच वेळी मुंबईत २१० ला शंभर घ्यायचे आणि ते आले की कपाटात पूर्ववत ठेवायचे. दोन्हीकडची दलाली, हस्तांतराच्या कागदावरचे मुद्रांक आणि माणूस पाठवण्याचा खर्च वजा जाता चारातला दीड-पावणेदोन हाती लागे. तोही मुंबईचा कागद खोटा किंवा सदोष निघाला नाही तर.

या धंद्याला आर्बिट्राज म्हणत. लोकांना तो आयता पैसा वाटे. मला तसे कधी वाटले नाही. दोन्ही कानांना दोन फोन लावून बसलेला तो माणूस मुंबईचा भाव पुण्यात आणि पुण्याचा भाव मुंबईत नेत असे. तो नसता तर आकुर्डीच्या फिटरला पुण्यात विकताना दहा-बारा रुपये कमी मिळाले असते आणि ते त्याला कळलेही नसते. दोन रुपयांच्या मोबदल्यात त्या माणसाने पुण्याच्या भावाला मुंबईच्या बरोबरीने ठेवले. लहान गावच्या बाजाराला भाव देणारा माणूस हाच असतो आणि त्याचे नाव कुठल्याही इतिहासात येत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिले.

दुसरे काम ऑड लॉटचे. बाजारात सौदा पन्नास किंवा शंभरच्या लॉटमध्ये होई. बोनस आला की कुणाकडे सात, कुणाकडे बावीस शेअर उरत. मुंबईत अशा तुकड्यांना विचारणारा मिळायचा, पण भाव पाडून. पुण्यात चार कामगारांचे तुकडे जोडून एक लॉट करणारे दलाल होते. बाजारभावापेक्षा थोडे कमी मिळत, पण रोख मिळत आणि त्याच आठवड्यात मिळत.

आणि तिसरे, ज्याची मला आज सर्वांत जास्त आठवण येते. १९९१ च्या सुमारास आकुर्डीच्या एका टूलरूममधल्या गृहस्थांनी मुलीच्या लग्नासाठी शेअर विकले. मी त्यांना काका म्हणत असे. दोन महिन्यांनी ते कागद परत आले, ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून. काकांनी शेअर घेताना मराठीत सही केली होती. मधल्या काळात बँकेत पगार जमा होऊ लागला आणि त्यांनी इंग्रजीत सही करायला सुरुवात केली. अशा परत आलेल्या मालाला बॅड डिलिव्हरी म्हणत. विकणाऱ्याने ती ठरल्या मुदतीत दुरुस्त करून दिली नाही तर त्याच्या नावावर माल लिलावात घेतला जाई, आणि लग्नात खर्च झालेले पैसे काकांनी कुठून आणले असते? पुण्याच्या दलालाने मला फोन केला. मी काकांना घेऊन बँकेत गेलो, मॅनेजरसमोर दोन्ही सह्या करून घेतल्या आणि त्याच दिवशी संध्याकाळी कागद कुमठेकर रस्त्यावर पोचवले. पुण्यातला दलाल मला ओळखत होता, मी काकांना ओळखत होतो, काकांचे घर मला माहीत होते. या तीन ओळखींवर ते प्रकरण मिटले. ज्या रजिस्ट्रारकडून कागद परत आले, तिथे मात्र तीन पत्रे लिहूनही कुणी उत्तर दिले नव्हते.

१९९२ हे वर्ष सर्वांना आठवते ते हर्षद मेहताच्या रोखे घोटाळ्यामुळे. आमच्या दृष्टीने त्या वर्षी तीन मोठ्या गोष्टी घडल्या. शेअर बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीला कायद्याचे बळ मिळाले, भांडवल उभारणीवरचे सरकारी नियंत्रण गेले आणि नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराची कंपनी स्थापन झाली. पहिल्या दोन गोष्टींनी आमच्याकडे कामाचा पूर आला. नव्या विक्रीचे अर्ज आम्ही गेटसमोरच्या टपरीवर ठेवत असू. १९९५ मध्ये थरमॅक्सने लोकांना शेअर देऊ केले तेव्हा चिंचवडमध्ये घराघरांत चर्चा होती, कारण कंपनी डोळ्यांसमोरची होती. तिसऱ्या गोष्टीचा अर्थ मात्र आम्हाला उशिरा उमगला.

३ नोव्हेंबर १९९४ रोजी राष्ट्रीय बाजारात शेअरचे सौदे संगणकावर सुरू झाले. रिंग नाही, ओरडा नाही. छतावर तबकडी बसवली की उपग्रहामार्गे पडद्यावर भाव. मार्च १९९५ मध्ये मुंबई बाजारानेही आपली संगणक व्यवस्था आणली. वर्षभरात नवा बाजार उलाढालीत जुन्याच्या पुढे गेला. चिंचवडच्या एखाद्या खोलीत बसून मुंबईचा भाव मुंबईकराइतकाच लवकर दिसू लागला, तेव्हा फोन कानाला लावून बसलेल्या माणसाचे काम संपत आले. १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा झाला, कागद खात्यातल्या नोंदीत बदलू लागले. काकांची सही, मुद्रांक, बॅड डिलिव्हरी, सगळा त्रास गेला. हे चांगलेच झाले. जुन्या पद्धतीचे गोडवे गाऊन कुणाचे पैसे परत येत नाहीत आणि खोट्या कागदांनी बुडालेली माणसे मी स्वतः पाहिली आहेत.

तरीही पुढची काही वर्षे प्रादेशिक बाजारांत हालचाल राहिली, ती वेगळ्या कारणाने. राष्ट्रीय बाजाराचे वलण बुधवार ते मंगळवार, मुंबई बाजाराचे सोमवार ते शुक्रवार. प्रादेशिक बाजारांचे दिवस त्यांचे त्यांचे. मंगळवारी राष्ट्रीय बाजारातला सौदा तिथे विकून मिटवायचा आणि त्याच क्षणी मुंबई बाजारात घ्यायचा. शुक्रवारी तिकडून उचलून पुन्हा राष्ट्रीय बाजारात टाकायचा. माल कधी घ्यायचाच नाही, पैसे कधी पूर्ण भरायचेच नाहीत, सौदा मात्र महिनोन् महिने जिवंत. बदला पद्धतीत हेच व्याज देऊन उघडपणे होई, इथे ते दिवसांच्या फरकातून होऊ लागले. आधीच्या आर्बिट्राजवाल्याबद्दल मला आदर आहे, पण यात कुणाची सेवा नव्हती. बाजार पडला की ही साखळी तुटणार हे ठरलेले होते. मार्च २००१ मध्ये कोलकात्याच्या बाजारात पैसे देण्याचे संकट आले तेव्हा सगळ्या देशाला ते दिसले.

२ जुलै २००१ पासून प्रमुख शेअरमध्ये बदला बंद झाला, वलणाचे वेगवेगळे आठवडे बंद झाले आणि सर्व बाजारांना रोजच्या रोज पुढे सरकणारी एकच पद्धत लागू झाली. वर्षअखेरीस ती सगळ्याच शेअरना लागू झाली. योग्य निर्णय. पण त्याने प्रादेशिक बाजारांचा श्वासच थांबला. फरक भावाचा नाही, दिवसाचाही नाही, तर मग पुण्यात सौदा करायचा कशासाठी? २००३ मध्ये सेबीने कंपन्यांना मुंबई किंवा राष्ट्रीय बाजारात नाव असल्यास प्रादेशिक बाजारातून बाहेर पडण्याची मोकळीक दिली. बाजार ज्या नियमावर उभा होता तोच निघाला. त्यानंतरच्या वार्षिक अहवालांत ‘नोंदणी असलेले बाजार’ या मथळ्याखालची यादी वर्षागणिक आखूड होत गेलेली मी पाहिली आहे.

बाजाराने हातपाय हलवले नाहीत असे नाही. १९९९ नंतर सेबीच्या परवानगीने प्रादेशिक बाजारांनी उपकंपन्या काढल्या. पुण्याची पीएसई सिक्युरिटीज ही तशी. तिने मोठ्या बाजारांचे सभासदत्व घ्यायचे आणि पुण्याच्या दलालांनी तिच्यामार्फत तिकडे सौदे करायचे. म्हणजे दुकानदाराने आपल्याच दुकानात शेजारच्या पेढीचा माल विकायचा. पोट भरले, पण दुकानाचे नाव मागे पडले. २००५ मध्ये मुंबई बाजाराने छोट्या कंपन्यांसाठी इंडोनेक्स्ट नावाचा वेगळा विभागही उघडला. लहान प्रादेशिक कंपन्यांना त्यातून गिऱ्हाईक मिळेल अशी आशा होती, ती फळली नाही.

३० मे २०१२ रोजी सेबीने बाहेर पडण्याचे धोरण जाहीर केले. स्वतःच्या मंचावर वर्षाला १,००० कोटींची उलाढाल होत नसलेल्या बाजारांनी स्वतःहून निरोप घ्यावा. दोन वर्षांत अट पूर्ण झाली नाही तर सक्तीने. मग एकामागून एक दिवे मालवत गेले. डिसेंबर २०१४ मध्ये कोचीन, बंगळूर, लुधियाना. नव्या वर्षात गुवाहाटी, भुवनेश्वर, जयपूर. एप्रिल २०१५ मध्ये पुणे. ज्या कंपन्यांची नोंदणी केवळ प्रादेशिक बाजारात होती, त्यांचे शेअर ‘डिसेमिनेशन बोर्ड’ नावाच्या पाटीवर गेले. तिथे घेणारा शोधणे विकणाऱ्याच्याच नशिबावर. माझे स्पष्ट मत असे, की बाजार बंद करण्यापूर्वी या लहान शेअरधारकांचे पैसे मोकळे करायला हवे होते. मोठ्या कंपन्यांच्या मालकांना दोन बाजार होते, चार दलाल होते. यांना पुण्याशिवाय दुसरे दार नव्हते.

आज एकच शेअर दोन बाजारांत विकला जातो, पण ओळखक्रमांक एकच असल्याने राष्ट्रीय बाजारात घेतलेला माल खात्यात आला की मुंबई बाजारात विकता येतो. जानेवारी २०२३ अखेरपासून तो दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी खात्यात येतो. २०१९ मध्ये क्लिअरिंग महामंडळे परस्परांशी जोडली गेली, तेव्हापासून एका बाजारातला सौदा दुसऱ्यात मिटवणेही शक्य झाले. या जोडणीची परीक्षा २४ फेब्रुवारी २०२१ ला झाली. सकाळी ११.४० ला राष्ट्रीय बाजार तांत्रिक बिघाडाने थांबला तो दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाला. मधल्या वेळेत अनेक दलालांनी ग्राहकांचे सौदे मुंबई बाजारात मिटवले. त्या दुपारी मला कानाला दोन फोन लावलेले जुने मित्र आठवले.

पट्ट्याचा शेअर एव्हाना कुमठेकर रस्ता ओलांडून फार लांब गेला होता. २७ सप्टेंबर २००४ रोजी टेल्को, म्हणजे टाटा मोटर्स, न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदली गेली. पिंपरीतली दुसरी पाळी चालू असताना, रात्री सात किंवा आठला, तिथला बाजार उघडे. घड्याळे पुढेमागे करण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे वेळ बदले. काही हौशी मंडळी तिथल्या डॉलरच्या भावाला रुपयाच्या दराने गुणून सकाळच्या मुंबईच्या भावाचा अंदाज बांधत. तिथे शेअरऐवजी त्याची अमेरिकन पावती विकली जाई. पुढे एका पावतीत पाच शेअर आले, मग पाचाने भागायचे. जानेवारी २०२३ मध्ये ती नोंदणीही संपली. चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेन्झचे कारखाने सुरू झाले, पण त्यांच्या शेअरचा बाजार जर्मनीत. जोडणी करणाऱ्या मुलाला आपल्या कंपनीचे पन्नास शेअर घेण्याची सोय नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाची नोंदणी मुंबईतल्या दोन्ही बाजारांत झाली. तळेगावचा जनरल मोटर्सचा जुना कारखाना आता त्यांच्याकडे आहे. तिथल्या काही मुलांनी फोनवरून अर्ज भरले आणि मिळाले की नाही हे विचारायला माझ्याकडे आली, सवय म्हणून, किंवा त्यांचे वडील यायचे म्हणून.

१ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे हस्तांतर बंद आहे. त्याआधी दाखल होऊन परत आलेल्या कागदांसाठी सेबीने ७ जुलै २०२५ ते ६ जानेवारी २०२६ अशी खास मुदत दिली. त्या सहा महिन्यांत माझ्याकडे चौदा जण आले. त्यातल्या एका पिशवीत आकुर्डीच्या काकांच्या मुलीची फाईल होती. वडिलांनी घेतलेले, नावावर न चढलेले वीस शेअर, हस्तांतराचा कागद आणि पुणे शेअर बाजाराच्या सभासदाची कॉन्ट्रॅक्ट नोट. मागची सही मराठीत. आम्ही गुरुवारी बँकेत जायचे ठरवले.